रांजणाखालचा कोपरा

१६ फेब्रुवारी १९९९, मंगळवार. आजचं काम: उत्तरेकडच्या भिंतीचं चित्र संध्याकाळपर्यंत पुरं करणे.

त्या वर्षीच्या माझ्या वहीत त्या तारखेला एवढंच लिहिलेलं आहे. खाली पेन्सिलीने एक टीप आहे, ‘खोडरबर संपत आलं.’ बाकी सगळं डोक्यात राहिलं.

भिंत म्हणजे घराची नव्हे, खड्ड्याची. वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या काठावर, धानाच्या बांध्यांना लागून आम्ही तो चौदा फूट खोल नेला होता. त्याला उत्खनन म्हणतात. मी त्यात आरेखक होते, मोजून चित्रं काढणारी. राजुऱ्याच्या शिंप्याची मुलगी. अब्बांच्या दुकानात कापडावर खडूने रेघा मारून हात सरळ झाला होता, त्याचंच पुढे पोट भरण्याचं साधन झालं. ‘मुसलमानाची पोरगी, जंगलात तंबूत राहते, माती खरवडते,’ असं मोहल्ल्यात बोललं जायचं. अब्बा म्हणायचे, “कपडा ही नापती है, सिर्फ जमीन का है.” जमिनीचं कापड. मला ते पटलं होतं.

काम काय ते सांगते. नदी पूर आला की गाळ टाकते. त्या गाळावर माणसं येऊन राहतात, चूल पेटवतात, हाडं फेकतात, निघून जातात. पुन्हा पूर, पुन्हा गाळ. असं हजारो वर्षं चाललं की जमिनीत थर बसतात, एकाखाली एक. खड्डा सरळ खणला की चारी भिंतींत ते थर दिसतात. कुठे पिवळा गाळ, कुठे राखेचा करडा पट्टा, कुठे भाजलेल्या मातीची लाली. आम्ही थर वरून मोजतो, कारण खाली किती आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं. पहिला थर आजचा, त्यात नांगराचे ओरखडे. सहाव्यात मातीची खापरं, लोखंडाचे गंजके तुकडे. नवव्यात खापर नाही, लोखंड नाही. फक्त नखाएवढी दगडाची धारदार पाती, हरणांची हाडं आणि राख. शेतीचं नावही न ऐकलेली माणसं.

जी वस्तू ज्या थरात सापडते ती त्या थरातल्या माणसांची, हा आमच्या धंद्याचा मूळ नियम. आणि वरची वस्तू खाली घसरलेली नाही ना हे पाहणं, हा दुसरा. पहिल्या हंगामात चौथ्या थरातून लिमलेटच्या गोळीचा कागद निघाला होता. उंदराच्या बिळातून गेलेला. मी तो चिकटवून ठेवला होता वहीत, नव्या पोरांना दाखवायला. “बघा, दोन हजार वर्षांपूर्वी लिमलेट मिळत होती.” असं शहाणपण शिकवणारी मीच होते, हे पुढे वाचताना लक्षात ठेवा.

बघायला लोक यायचे. गावातले एक निवृत्त पोस्टमन तर रोज अकराच्या सुमारास खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसायचे.

“बाई, निघालं का जी काही?”

“निघालं ना. हाड.”

“सोनं नाई?”

“नाही.”

“तं मंग एवढ्या खोल काऊन जाऊन राह्यले? हाडं तं खाटकाजवळ बी भेटते.”

तीन हंगाम हाच प्रश्न. चौथ्या हंगामात त्यांनी विचारणं सोडलं आणि स्वतःच नव्या बघ्यांना सांगू लागले, “सोनं नाई निघत इथी. टाइम निघते.” यापेक्षा बरं मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.

मी स्वप्नाळू बाई नाही. ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये संसार केला, नवऱ्याच्या पाळ्या सांभाळल्या, दोन मुली वाढवल्या, हंगाम आला की ट्रंक उचलून निघाले. पण चौदा फूट खाली उतरलं की काहीतरी व्हायचं, ते लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. शिडीच्या शेवटच्या पायरीवरून पाय खाली टेकला की वरचे आवाज पातळ व्हायचे. बैलगाडी, कोंबडा, बायकांचं हसणं, सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं. खाली गारवा. हवेला जुन्या राखेचा वास. भिंतीतल्या एका चुलीसमोर मी बसायचे, तीन दगड अजून जागच्या जागी, आणि वाटायचं की कुणीतरी आत्ताच उठून पाणी आणायला नदीवर गेलं आहे. येईल परत. आपण त्यांच्या घरी आगाऊ येऊन बसलोय. पेन्सिल चालत असायची, पण हात कुणाचा चालतोय ते कळायचं नाही.

वरून चाळणीचा आवाज यायचा. सर्र... सर्र... तीन बल्ल्यांच्या तिपाईला टांगलेली मोठी चाळणी. खड्ड्यातून निघालेली माती घमेल्यांनी वर जायची आणि चाळली जायची, म्हणजे बारीक पातं, मणी, दात सुटायला नको. चाळणीवर सोमीबाई असायची. पलीकडच्या जंगलातल्या गोंडांच्या गावातली, पन्नाशीची, सुकलेली, ताठ. ती सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. “साहेब, तू जेवला का?” आमचे सर, उत्खननाचे प्रमुख, ज्यांच्यापुढे नागपुरातले प्राध्यापक उभे राहायचे, ते मुकाट्याने सांगायचे, जेवलो म्हणून.

आता मुद्द्यावर येते.

जानेवारीच्या शेवटी नवव्या थरात, उत्तर-पूर्वेच्या कोपऱ्यात, जळालेले काळे दाणे सापडले. सोमीबाईच्या चाळणीतच. ती तळहातावर घेऊन खाली आली.

“हे तं धान हाय.”

सरांनी भिंग काढलं. एकेक दाणा उलटून पाहिला. तांदूळच होता. शेतीचं नाव न ऐकलेल्या माणसांच्या चुलीशेजारी तांदूळ. म्हणजे इथल्या माणसाने धान पेरायला सुरुवात केव्हा केली, तो सगळा हिशेबच मागे जाणार होता. काही हजार वर्षं मागे. सरांनी ते दाणे कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत कापूस घालून ठेवले आणि डबी शर्टाच्या खिशात. त्या दिवसापासून ते जेवताना, चालताना, बोलता बोलता खिशावर हात ठेवायचे. त्यांची नोकरीची दोन वर्षं उरली होती. पुढच्या हंगामांची परवानगी अडून होती. गुरुवारी, अठरा तारखेला, नागपूरहून मोठी माणसं खड्डा पाहायला येणार होती. ती पटली की परवानगी, नाही पटली तर खड्डा बुजवून घरी. त्यांच्यासमोर ठेवायचा मुख्य कागद म्हणजे माझं चित्र: उत्तरेची भिंत, नऊ थर, आणि नवव्यात एक छोटी फुलीची खूण, ‘धान’. खाली माझी सही.

एक गोष्ट मात्र होती. तो कोपरा मऊ होता. बाकीचा नववा थर थापीला कडक लागायचा, खरवडताना कुरकुरायचा. थापी म्हणजे गवंड्याची असते तीच, आमचं मुख्य हत्यार. त्या कोपऱ्यात ती लोण्यात गेल्यासारखी जायची. कारण सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या बरोबर वर, पळसाच्या सावलीत, पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. रांजण झिरपत होता, माती ओली होत होती. भिंतीचा तेवढा भाग वरपासून खालपर्यंत काळपट ओला दिसायचा, त्यात थर ओळखणंही कठीण जायचं. मी बाजूच्या रेघा पुढे ओढून तिथे जोडून टाकल्या. रांजण तिथे ठेवायला सांगितलं होतं मीच. मजुरांना लांब जायला नको म्हणून.

सोमीबाई तेव्हापासून म्हणत होती.

“बाई, ह्या कोपऱ्याची माती चाळनीतून भसाभस पडते. बाजूची ढेकळं ढेकळं. काऊन असं?”

“रांजण झिरपतो, सोमीबाई.”

“ओली माती तं चाळनीले चिपकते. हे चिपकत नाई.”

“चाळा ना चुपचाप. गुरुवारपर्यंत ढीग संपवायचा आहे.”

तिने चाळली. मी तिला गप्प केलं तसं दोनदा. आज ते लिहिताना मान खाली जाते, पण लिहिते.

शिवरात्रीला मजूर मार्कंड्याच्या जत्रेला गेले. काम दोन दिवस बंद. जाताना लक्ष्मणभाऊने, आमच्या मुकादमाने, रांजण रिकामा करून स्वयंपाकाच्या तंबूजवळ नेऊन ठेवला, आणि तो पुढे तिथेच राहिला. मंगळवारी काम सुरू झालं. मी भिंतीसमोर पाट टाकून चित्र पुरं करायला बसले. कोपऱ्यातली शेवटची चार घमेली वर गेली. चाळणी वाजली. मग थांबली. मग सोमीबाईचं डोकं काठावरून खाली डोकावलं.

“बाई, रांजन तं हटवला.”

“हो मग?”

“तरी माती तशीच हाय.”

मी मान वर केली नाही. ती शिडीने खाली आली. त्या दाण्यांनंतर पहिल्यांदाच. कोपऱ्यात बसली, बोट मातीत खुपसलं, पेरापर्यंत गेलं. मग बाजूला हातभर सरकून पुन्हा खुपसलं. नख वाकलं.

“आमी जंगलात कांदे खंदायले जातो ना,” ती म्हणाली. कांदे म्हणजे आपल्या जेवणातले नव्हेत, वेलाखाली जमिनीत खोल वाढणारे रानकंद. “वेल दिसते, पन खाली कांदा हाय का कोनी पयले खंदून नेला, हे वरतून नाई समजत. काडी खुपसली का समजते. खंदून बुजवलेली माती पुन्ना कधीच पयल्यावानी नाई होत. माझा बाप मेला, त्याच्या बापानं खंदलेली जागा बी समजते मले.”

“म्हणजे?”

“कोनीतरी इथी पयले खंदून गेलं हाय, बाई.”

एवढं बोलून ती वर गेली. चाळणी पुन्हा वाजू लागली.

मी चित्र पुरं केलं नाही. दुपारी जेवणानंतर सगळे मोहाच्या झाडाखाली आडवे झाले, मी भिंतीला टेकून खालीच बसले. डोळा लागला असावा. सर्र सर्र ऐकू येत होतं, आणि वाटत होतं की वर कुणी चाळत नाहीये, भिंतीच्या आतून येतोय आवाज. कुणी बाई सूप घेऊन धान पाखडते आहे. मी विचारलं, तू नवव्या थरातली का? ती हसली आणि बोटाने वर दाखवलं. जागी झाले तर ऊन भिंतीवर आलं होतं आणि भिंत कोरडी ठाक, एकसारखी पिवळी. काही दिसत नव्हतं. स्वप्नावर माझा विश्वास नाही. पण सोमीबाईच्या बोटावर होता.

ठिगळ ओळखायचं तर कापड ओलं करून उजेडात धरावं, हे मी अब्बांच्या दुकानात शिकले होते. जुनं आणि नवं कापड वेगवेगळं वाळतं. मातीचंही तेच. चिंब भिजलेल्या भिंतीत काही कळत नाही, कोरड्या भिंतीत काही कळत नाही, मधल्या दमटपणात कळतं.

बुधवारी उजाडताच मी उतरले. नदीवरून धुकं सरळ खड्ड्यात सांडलं होतं. शिडीच्या खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या, पाय ढगात टाकावा तसं. आवाज नव्हता. धुकं हळूहळू वर उठलं आणि त्याबरोबर भिंत खालून वर उघडत गेली. दंवाने दमट झालेली. आणि त्या कोपऱ्यात, नवव्या थराच्या तळाशी, एक गोलाई होती. बशीच्या बुडासारखी. तिची कड डाव्या बाजूने वर चढली होती, आठवा थर कापत, सातवा कापत, थेट सहाव्यापर्यंत. आतली माती किंचित गडद, सगळीकडे सारखी. बाहेर थरांच्या रेघा कडेपाशी येऊन तुटत होत्या. अगदी नीट बेतलेलं, नीट बसवलेलं ठिगळ.

पेव होतं ते. धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. सहाव्या थरातल्या, शेती येणाऱ्या, लोखंड वापरणाऱ्या कुणीतरी खणलेलं, थेट नवव्यापर्यंत उतरवलेलं. धान त्याचं होतं. तळाशी कधीतरी जळलेलं, मग माती लोटून बुजवलेलं. नवव्या थरातल्या माणसांनी तांदूळ पाहिलाच नव्हता. आणि तीन आठवडे त्या पेवावर मी रांजण ठेवून झाकण घातलं होतं.

मी सरांना बोलावलं. ते टॉवेल खांद्यावर, दाढीचा साबण गालाला तसाच, खाली आले. त्यांनीच पाहिलं. त्यांचं बोट हवेत त्या कडेवरून फिरलं, खालून वर, आणि सहाव्या थराशी थांबलं.

“कुणाला दिसलं?”

“मला. आणि सोमीबाईला, न बघता.”

ते पाटावर बसले. खिशावर हात गेला. धुकं वर जाऊन ऊन आलं. भिंतीच्या वरच्या टोकापासून दमटपणा उडू लागला आणि ती कड आमच्या डोळ्यांदेखत पुसट होत खाली खाली येत गेली.

“अकरापर्यंत कोरडी होते ही भिंत,” सर म्हणाले.

“हो.”

“ते लोक उद्या अकराला येणार.”

“हो.”

“तेव्हा काहीच दिसणार नाही, नसीम.”

“नाही दिसणार.”

ते पुढे बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला हो किंवा नाही म्हणता आलं असतं. त्यांनी डबी काढली, माझ्या ड्रॉइंगबोर्डवर ठेवली आणि म्हणाले, “चित्र तुझं आहे. सही तुझी आहे.” आणि शिडी चढून गेले.

मला रागच आला. सहा हंगाम त्यांचे, परवानगी त्यांची, आणि ठरवायचं मी. राग उतरायला दुपार झाली. मग कळलं की त्यांनी मला अडकवलं नव्हतं. स्वतःचा भरवसा नव्हता त्यांना, म्हणून ती गोष्ट आपल्या हातातून काढून ठेवली होती. दिवसभर ते तंबूतून बाहेर आले नाहीत. चहा पाठवला तो तसाच परत आला. लक्ष्मणभाऊने विचारलं, “साहेबाले बुखार हाय का बाई?” मी म्हटलं, “असेल.”

नंतरचं सांगून टाकते. पुढच्या हंगामाची परवानगी आली नाही. कारण कागदावर कुणी लिहिलं नाही, तोंडी मात्र ऐकलं की इथे ‘विशेष काही’ नाही. एप्रिलमध्ये आम्ही खड्डा वाळू घालून बुजवला. तळाशी, पुढे कुणी खणलंच तर त्याला कळावं म्हणून, आम्ही त्या वर्षाची काहीतरी वस्तू ठेवतो. मी ती रोलची रिकामी डबी ठेवली. दाणे त्याआधी योग्य थराच्या चिठ्ठीसह पिशवीत गेले होते. सर दोन वर्षांनी निवृत्त झाले. अहवालात त्यांनी ते पेव नीट छापलं, आणि ‘चाळणीवरील कामगारांच्या निरीक्षणामुळे’ असं एक वाक्य घातलं. मी म्हटलं, नाव घाला. त्यांनी घातलं. सोमीबाईला तो अहवाल मी नेऊन दिला तेव्हा तिने पानावर बोट ठेवलं, “हे मी काय?” आणि तिने तो कागदांच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या मागे ठेवून दिला. पोस्टमन मात्र माझ्यावर नाराज झाले. “बाई, टाइम बी कमी करून टाकला तुमी.”

बारा वर्षं मी अजून उत्खननं केली. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी विचारायचे, पाणी कुठे ठेवलंय?

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी सकाळी साडेदहाला मी गावातून मागून आणलेला फवारणीचा पंप पाठीला बांधला आणि शिडी उतरले. भिंत कोरडी होती, पिवळी, निष्पाप. पंपात पाणी संपत आलं तेव्हा वर पाहिलं. सर काठावर उभे होते, दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात भरलेली बादली. त्यांनी ती दोरीने हळू खाली सोडली. एक थेंब सांडू दिला नाही.

मी हलक्या हाताने पाणी मारलं. जीपचा आवाज नदीकडून येत होता. भिंत आधी काळी झाली, मग थोडी उजळली, मग ती कड वर आली.

सोमीबाईला मी खाली बोलावलं आणि थापी तिच्या हातात दिली. थराची कड टोकाने कोरून ठेवायची असते, म्हणजे वाळली तरी दिसते. तिने टोक गोलाईच्या तळाशी टेकवलं.

“कुठीवर ओढू, बाई?”

“दिसते तिथपर्यंत.”

ती ओढत गेली. हात पुरेना तेव्हा मी तिच्या पायाखाली माझा पाट सरकवला.